नाक जमिनीला लागतं तेव्हा

दुपारची झोप संपवून कारवान जातीच्या कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू कसं उठतं, ते एकदा निवांत बसून पाहावं. आधी पुढचे पाय लांब सोडून ते कमरेतून ताणलं जातं. मग जांभई, मग अंग झाडताना कानांची फडफड. चार पावलं टाकून ते तुमच्या पायाशी येतं, चपलेचा अंगठा चावून पाहतं. इथवर सगळी पिल्लं सारखीच. मग एकाएकी ते चप्पल सोडतं. हाक मारली तरी मान वळत नाही. नाक जमिनीला लागतं आणि चाल बदलते. मघाशी वाटेल तसे पडणारे पाय आता जवळजवळ पडू लागतात, शेपटी बुडापाशी किंचित उचलली जाते, नाक सरळ रेषा सोडून लहान लहान वळणं घेत फिरतं. एक गिरकी, दुसरी तिच्याहून आखूड, तिसरी जागच्या जागी. मग मागचे पाय वाकतात.

चप्पल सोडल्यापासून पाय वाकेपर्यंत फार तर अर्धं मिनिट. पाळीव कुत्र्याला घराची शिस्त लावणं म्हणून जे काही आहे, त्याचा गाभा मला या अर्ध्या मिनिटात दिसतो. पिंजरे, फवारे, दुकानात मिळणारी शोषक पॅडं हे सगळं त्याच्या भोवतीचं. ज्याला हे अर्धं मिनिट ओळखता येतं त्याच्या घरची फरशी कोरडी राहते, आणि कुत्रं या प्राण्याविषयी त्याला आणखीही पुष्कळ कळायला लागतं. म्हणून ते सावकाश पाहू या.

सुरुवात नाकापासून. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या घरात असतात. कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या पुढे. आपल्याला फरशी इथून तिथून एकसारखी दिसते. पिल्लाला त्याच फरशीवर सकाळी सांडलेलं दूध, काल येऊन गेलेल्या पाहुण्याची टाच आणि दाराच्या फटीतून आत आलेली ओल असं सगळं वेगवेगळं लागतं. त्या गर्दीत ते एकच गोष्ट हुडकत असतं: इथं याआधी कुणी बसलं होतं का? स्वतःचा जुना वास सापडला की शोध संपला. नाही सापडला तर पायाखाली काय लागतंय ते पाहायचं. मऊ की टणक, शोषून घेणारं की वर साचवणारं. नवीन पिल्लाला पायपुसणं आणि सतरंजी का आवडते, याचं उत्तर इथं आहे. घरातली पाणी पिणारी जमीन तेवढीच असते.

गिरक्यांविषयी तर संशोधकांनी वर्षं घालवली आहेत. चेक आणि जर्मन शास्त्रज्ञांच्या एका गटानं ३७ जातींची ७० कुत्री दोन वर्षं पाहिली आणि २०१३च्या अखेरीस निबंध प्रसिद्ध केला. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री शीला बसताना अंग उत्तर-दक्षिण ठेवतात, असा त्यांचा निष्कर्ष. पुढच्या वर्षी त्याला इग नोबेल मिळालं. हा निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाही आणि मीही होकायंत्र घेऊन कुत्र्यामागे फिरलेलो नाही. पण दोन वर्षं कुणी जाणत्या माणसांनी कुत्र्याच्या बसण्याच्या दिशेची वही लिहिली, हे मला फार मोलाचं वाटतं. एवढ्या बारकाईनं पाहण्यासारखं तिथं काही आहे, हे त्यांनी ओळखलं.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती दुसरी गिरकी. पहिलीत शोध असतो. तिसरीत निर्णय होऊन गेलेला असतो, तेव्हा मध्ये पडण्यात अर्थ नाही. दुसरी गिरकी मात्र अजून वळवता येते. पिल्लाला उचलायचं ते नेमकं या वेळी: एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पोटावर दाब न देता, तोंडानं ‘अरे अरे’ न करता. उचलल्यावर बहुतेक पिल्लं रोखून धरतात. दार उघडून मातीवर ठेवलं की गिरकी जिथं तुटली होती तिथून पुढे चालू होते. नाक पुन्हा खाली जातं, पाय जवळ येतात, आणि आता ते ज्या जागी बसतं त्या जागेचा वास उद्यासाठी तिथं राहतो. हे चार-आठ दिवस नेमानं घडलं की एका दुपारी पिल्लू चप्पल सोडतं आणि दाराकडे वळतं. तिथं थांबून तुमच्याकडे पाहतं. या पाहण्याला तोड नाही. ज्यानं ते एकदा अनुभवलं आहे त्याला मी काय म्हणतोय ते समजेल.

आता हे पिल्लू शिकलं कुठून? त्यासाठी सांगलीच्या पूर्वेला, जत-आटपाडी-कवठेमहांकाळच्या पट्ट्यात जायला हवं. पावसाची ओढ असलेला, माळाचा, मेंढरांचा हा मुलूख. कारवान इथलं घरचं कुत्रं. मिरजेहून जमखंडीकडे गेलं की पुढे मुधोळ लागतं. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी या जातीला आश्रय दिला आणि पंचम जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली, असं सांगतात. म्हणून बाहेरच्या जगात त्याला मुधोळ हाउंड म्हणतात, आणि २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात त्याला त्याच नावानं जागा मिळाली. आमच्या बाजूला मात्र ते कारवानच. लांबट अरुंद डोकं, खोल छाती, आत ओढलेलं पोट, आणि कातडी इतकी पातळ की उन्हात उभं राहिलं तर बरगड्यांवरच्या शिरा दिसाव्यात. सशामागे सुटलं की नजर ठरत नाही.

जत तालुक्यातल्या एका वस्तीवर कारवान कुत्री व्यायली होती. कडब्याच्या गंजीच्या बुडाशी तिनं पोटापुरता खड्डा उकरला होता. मालकाला मी विचारलं, कुत्र्यांना घरात घाण करायची नाही हे तुम्ही कसं शिकवता? त्याला प्रश्नच कळेना. मग म्हणाला, ‘‘त्येला कुणी शिकवावं लागतंय व्हय? त्येची आय हाय की. जातंय आपलं आपलं बांधाकडं.’’

त्येची आय हाय की. पशुवैद्यकाच्या पुस्तकात पानंच्या पानं लिहिलेलं असतं ते यात आलं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाचे डोळे-कान बंद असतात आणि त्याला आपल्या आपण लघवीही करता येत नाही. आई जिभेनं त्याचं पोट आणि ढुंगण चाटते तेव्हाच ती होते, आणि जे होतं ते आईच चाटून टाकते. साधारण तीन आठवडे हे चालतं. दूध पिणारी पाच-सहा पिल्लं एका खड्ड्यात दिवसरात्र पडून असतात आणि तरी तो खड्डा कोरडा आणि जवळपास बिनवासाचा असतो. पिल्लाच्या मनात घर म्हणजे कोरडी जागा, ही गाठ पहिल्या तीन आठवड्यांत पडते, ती अशी. पुढे पाय फुटले की ते स्वतःच खड्ड्यातून बाहेर सरपटतं. त्या वस्तीवर महिन्याभराची पिल्लं होती. एक तांबूस पिल्लू भावंडांच्या ढिगातून उठलं, खड्ड्याच्या काठावर पोट घासत चढलं, घसरलं, पुन्हा चढलं, गंजीच्या सावलीतून बाहेर उन्हात आलं आणि तिथं मातीवर बसलं. वीतभर चढ होता तो. आई बाजूला पडून नुसती पाहत होती. परत येताना ते पिल्लू खड्ड्यात उतरलं नाही, सरळ गडगडलं आणि भावंडांवर जाऊन झोपलं.

आठ-नऊ आठवड्यांचं होईतो पायाखालच्या जमिनीची आवडही पक्की होत जाते. मातीवर वाढलेलं पिल्लू माती मागतं, गवतावर वाढलेलं गवत. आणि जे पिल्लू जाळीच्या पिंजऱ्यात, स्वतःच्याच घाणीवर झोपत वाढलं, त्याच्या मनातली ती पहिली गाठच सुटलेली असते. अशी पिल्लं विकायला ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. झोपायची जागा स्वच्छ ठेवणं हा कुत्र्याचा मूळ गुण. तो मोडून पिल्लू विकायचं, आणि पुढे ते घरात घाण करतं म्हणून मार त्यानं खायचा.

स्वच्छता कुत्र्याजवळ आधीपासून आहे, हे मला या सगळ्यातून फार ठामपणे वाटतं. त्याचं घर खड्ड्याएवढं असतं. आपलं घर पाच खोल्यांचं. खड्ड्यापासून चार पावलांवरची स्वयंपाकघराची फरशी त्याच्या हिशेबानं बाहेरच असते. तिथं ते बसलं तर शिस्त मोडली म्हणून नव्हे, शिस्त पाळली म्हणून. आपल्याला त्याच्या मनातलं घर मोठं करत न्यायचं असतं. म्हणूनच पहिल्या दिवशी पिल्लाला सगळं घर मोकळं करून देऊ नये. आधी एक खोली, तीत त्याचं अंथरूण आणि पाण्याचं भांडं. तिथं ते झोपलं, जेवलं, खेळलं की ती खोली घर झाली. मग पुढची.

जुन्या वाड्यांत हे काम वास्तूच करत असे. साताऱ्याच्या पेठांतला एखादा अजून उभा असलेला वाडा डोळ्यांपुढे आणा. दिंडी दरवाजा, आत अंगण, अंगणातून तीन पायऱ्या चढून सोपा, सोप्यातून माजघर, पलीकडे सोवळ्याचं स्वयंपाकघर आणि देवघर, मागे परडं. आतून बाहेर येताना जमीन बदलत जाते: सारवलेली जमीन, मग फरसबंदी, मग शेणसडा घातलेलं अंगण, मग परड्यातली मोकळी माती. प्रत्येक बदलाला एक उंबरा किंवा पायरी. कुत्र्याची हद्द सोप्यापर्यंत; माजघराचा उंबरा त्यानं ओलांडायचा नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक. सोप्यातून परड्याकडे जाणारी बोळकंडी दिवसभर उघडी. पिल्लाला काही अडलंच तर ते पायऱ्या उतरून जात असे, आणि ते गेलं कधी नि आलं कधी हे कुणाच्या लक्षातही येत नसे. गंजीखालच्या खड्ड्याचा काठ इथं पायरी झाला होता, एवढंच.

साताऱ्यातल्या मानाच्या कुत्र्याचा विषय निघाला की माहुलीला जावंच लागतं. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, शाहू महाराजांच्या समाधीच्या परिसरात त्यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा या कुत्र्यानं महाराजांना वाचवलं, अशी कथा आहे. १८१८नंतर साताऱ्यात इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनं १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यातही हा कुत्रा आहे. महाराजांनी त्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घातले, स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि पुढे स्वतःच्या डोक्यावर काही घेतलं नाही. त्याच्या नावे जहागिरीची सनद केली, त्याला पालखीचा मान दिला, असं तो लिहितो. डफला यात म्हाताऱ्या राजाच्या बुद्धीचा ऱ्हास दिसला. मी ते तसं वाचत नाही. लहानपण आणि तारुण्य मोगलांच्या छावणीत काढून १७०७ साली सुटलेला, डोळ्यांदेखत आपलं राज्य वाढताना पाहिलेला आणि १७४९च्या डिसेंबरात साताऱ्यात देह ठेवलेला हा राजा. त्याच्या अवतीभवती मसलती करणारे पुष्कळ होते, बिनमसलतीचा एक हा कुत्रा. पालखीत बसणाऱ्या कुत्र्याला दरबाराच्या बिछायतीवर कसं वागायचं ते ठाऊक असलंच पाहिजे. वाघाची गोष्ट इतिहासात आली. ज्या कुणा हुजऱ्यानं पहाटे उठून त्या पिल्लाला अंगणात नेलं असेल, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.

आता वाडे पडताहेत आणि त्या जागी फ्लॅट उभे राहताहेत. सांगलीत विश्रामबागेकडे, साताऱ्यात शाहूपुरी-गोडोलीकडे तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर कुत्री राहतात. सगळीकडे एकच टाइल, दिवाणखान्यापासून बाल्कनीपर्यंत. पायरी नाही, परडं नाही, दाराला आतून लॅच. वास्तू जे शिकवत होती ते आता माणसाला करावं लागतं, आणि फ्लॅटमधल्या पिल्लाचा मालक म्हणजे त्याची बोळकंडी. ती वेळेवर उघडली पाहिजे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा साधारण दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागतं. त्याखेरीज झोपेतून उठल्याबरोबर, खेळ थांबल्यावर, आणि खाल्ल्यानंतर दहा-वीस मिनिटांत, कारण पोटात अन्न पडलं की आतडी हलू लागतात. रात्री मध्ये एकदा उठायचं. जितक्या महिन्यांचं पिल्लू त्यात एक मिळवला की तितके तास ते जास्तीत जास्त रोखू शकतं, असा एक ठोकताळा आहे. तो कमाल मर्यादेचा आहे, नेहमीचा नव्हे. स्नायूंवर पुरता ताबा यायला चार ते सहा महिने जावे लागतात. तोवर फरशी ओली झाली तर ती पुसायची आणि पुढच्या वेळी पाच मिनिटं आधी न्यायचं.

लशी पुऱ्या होईतो, म्हणजे सुमारे चार महिन्यांपर्यंत, भटकी कुत्री फिरतात अशा जागी पिल्लाला खाली ठेवू नये. पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. फ्लॅटवाल्यांनी गच्चीत किंवा बाल्कनीत पसरट घमेल्यात स्वच्छ माती भरून ठेवावी. वर्तमानपत्रापेक्षा ती कितीतरी बरी, कारण कागदावर शिकलेल्या पिल्लाला पुढे कागद सोडायला दुसऱ्यांदा शिकवावं लागतं.

आपल्या घरांत तान्ह्या बाळाला पायांवर धरून आई ‘शूऽऽ’ असा आवाज काढते. काही दिवसांनी बाळ तो आवाज ऐकला की मोकळं होतं. पिल्लाचंही तंतोतंत तसंच आहे. ते बसलं की हलक्या आवाजात एकच शब्द म्हणायचा, रोज तोच, घरातल्या सगळ्यांनी तोच. बसण्याआधी नाही आणि उठल्यावरही नाही; चालू असताना. मग एक दिवस प्रवासात, कऱ्हाडच्या फाट्यावर गाडी थांबवून तो शब्द म्हटला की अनोळखी मातीवरही कुत्रं बसतं. आणि बक्षीस? ते जागेवरच, उठल्या उठल्या. भाकरीचा तुकडा घरात परतल्यावर दिला तर पिल्लाला कळतं ते असं की घरात परतलं की तुकडा मिळतो. मग ते काम अर्धवट टाकून परतायची घाई करतं. पुष्कळ घरांत बाहेरून आल्या आल्या आत शू होते ती याचसाठी. काम झाल्यावर लगेच परत फिरू नये, ही त्याला जोडून येणारी गोष्ट. बाहेरची मजा शू केल्याबरोबर संपते असं कळलं तर शहाणं कुत्रं ती लांबवत राहतं.

मार आणि ओरडा याविषयी मी कडक आहे. पिल्लाचं नाक शीमध्ये घासणं ही रीत अजूनही वडीलधारी माणसं सांगतात. कारवानच्या बाबतीत तर ती सर्वनाश करते. हे कुत्रं मानी. परक्याचा हात त्याला अंगावर चालत नाही आणि घरच्याचा चढलेला आवाजही ते विसरत नाही. फरशीवर बसलं असताना त्याच्यावर हात उगारला तर जागा चुकली हे त्याला कळत नाही. माणसासमोर बसणं धोक्याचं, एवढंच कळतं. मग ते सोफ्यामागे जातं, पलंगाखाली जातं, आणि बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर बसत नाही. ‘पण त्याला कळतं हो, बघा कसं चोरासारखं तोंड करतं’, असं लोक म्हणतात. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमकं हेच तपासलं. मनाई केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्लेला असो वा नसो, मालक रागावला की ते तोंड दिसतं. आणि खाऊ न खाल्लेल्या, निरपराध कुत्र्यावर रागावलं तर ते जास्तच दिसतं. खाली घातलेले कान, वळवलेली नजर, जमिनीलगत हलणारं शेपटीचं टोक यांत आपण गुन्ह्याची कबुली वाचतो. कुत्रं मात्र तुमचा राग शांत व्हावा म्हणून विनवत असतं. काही कोवळी पिल्लं अशा वेळी, किंवा नुसतं कुणी वरून वाकलं तरी, जागीच थेंब थेंब शू करतात. तीही विनवणीच. खाली बसून, बाजूला पाहत, हात हनुवटीखालून नेला की ती आपोआप थांबते.

पुसण्याचं थोडक्यात. आधी जुन्या कापडानं टिपून घ्यावं, मग एंझाइमचा क्लीनर. तो नसेल तर पाण्यात व्हिनेगर. फिनेलचा वास आपल्या नाकाला जुना वास झाकल्यासारखा वाटतो. पिल्लाचं नाक त्याखालचा वास काढतंच. वर फिनेल पंजांना झोंबतं आणि चाटलं तर पोटात जातं. अमोनियाचे क्लीनर तर मुळीच नकोत, त्यांत लघवीचाच भास असतो.

पायाखालच्या मातीची आवड किती खोल जाते ते मी २०१९च्या पुरात पाहिलं. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि गावभागापासून पुढे पेठाच्या पेठा पाण्यात गेल्या. ओळखीचं एक कुटुंब आपल्या तीन वर्षांच्या कारवान कुत्रीसह गच्चीवरच्या खोलीत अडकलं होतं. खाली जिन्यात पाणी. कुत्री रोजच्या वेळेला जिन्याच्या तोंडाशी जायची, पाण्याचा वास घ्यायची आणि परत येऊन भिंतीशी उभी राहायची. सगळी गच्ची मोकळी होती, पाऊस पडत होता, कुणी काही बोललं नसतं. पहिला दिवस आणि रात्र ती बसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या वहिनींनी मोगऱ्याच्या दोन कुंड्या गच्चीच्या कोपऱ्यात उपड्या केल्या आणि माती हातानं पसरली. कुत्री आली. नाक खाली गेलं. एवढ्याशा मातीत गिरकी मावेना, म्हणून तिचे मागचे पाय स्लॅबवर आणि पुढचे मातीवर असं करत ती फिरली, मग चारही पाय मातीवर आणून बसली. बराच वेळ बसली होती. वहिनी पाठ फिरवून उभ्या राहिल्या. पूर ओसरला, घर धुऊन झालं, तरी ती माती त्यांनी पुढचे कित्येक दिवस तशीच ठेवली होती.

सहा महिन्यांनंतर नर पाय उचलू लागतो तो वेगळा विषय आहे; ती निरोपाची भाषा, घाणीची नव्हे. तिच्याविषयी पुन्हा कधी.

पण म्हाताऱ्या कुत्र्याविषयी बोललंच पाहिजे. दहा-बारा वर्षं ज्यानं घराचा एक कोपरा कधी ओला केला नाही, ते एका सकाळी अंथरुणात भिजलेलं सापडतं. ते आधी उठून दूर जाऊन उभं राहिलेलं असतं, स्वतःच्या अंथरुणापासून शक्य तेवढं लांब. अशा वेळी जुनी शिस्त आठवून द्यायला जाऊ नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, खडा, मधुमेह, किडनीचा आजार, मादीला गर्भाशयात पू होणं, यांतलं काहीही असू शकतं, आणि तरण्या कुत्र्यातही शिकलेली सवय अचानक मोडली तर प्रथम डॉक्टरकडेच जायचं. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे. मोठी तपासणी लागली तर सातारा जिल्ह्यातच, शिरवळला, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९८८पासून आहे. आणि काही निघालं नाही, नुसतं म्हातारपणच निघालं, तर त्याला पुन्हा दर दोन तासांनी बाहेर न्यायचं. लहानपणी नेत होतो तसंच, फक्त पायऱ्या उतरताना पोटाखालून टॉवेल धरून.

पिल्लू घ्यायचं मनात असेल त्यांना एक सांगणं आहे. पिल्लाचा रंग आणि कान पाहण्याआधी त्याच्या आईची झोपायची जागा पाहा. ती कोरडी असेल आणि शीची जागा तिच्यापासून वेगळी दिसत असेल, तरच पिल्लाला हात लावा. जागा दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर तिथून परत फिरा. आठ आठवडे झाल्याशिवाय त्याला आईपासून तोडू नका. रस्त्यावर केलेली घाण कागदात उचलायची तयारी घरातल्या निदान दोघांची तरी असू द्या. आणि दिवाळीच्या सुट्टीत पिल्लू आणू नका. फटाक्यांच्या आवाजात ते बाहेर मातीवर बसायला घाबरतं आणि ती भीती काढण्यात पुढचे महिने जातात. मे महिना बरा. मुलं घरी असतात, दार उघडायला दिवसभर कुणीतरी असतं.